ओटीपी समुद्रात होता

भाईंदर पश्चिमेला एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर मी कामाला लागले, तेव्हा संगणकाची मला भीती नव्हती. घाबरले ती पहिल्या सकाळी, बाहेरची रांग आणि पडद्यावरच्या रिकाम्या चौकटी एकदम बघून. येणारा माणूस दुखणं सांगतच येतो. "बाय, पाय सुजलाय, चप्पल जात नाय." चौकटींना मात्र आधी आडनाव हवं, मग जन्मतारीख, मग आभा क्रमांक. दुखण्याची जागा दुसऱ्या पानावर. तिथे पोचेपर्यंत मान वर करून बघायचं मला सुचत नव्हतं.

चप्पल न जाणारी ही मावशी उत्तनहून बसने आलेली. आभा म्हणजे 14 अंकी आरोग्य क्रमांक. तो आधारवरून काढायचा तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल मुलाचा आणि मुलगा बोटीवर. खोल समुद्रात रेंज कुठून असणार! ओटीपीची चौकट उघडी ठेवून मी वाट बघत राहिले, मागे रांग कुरकुरायला लागली. शेवटी म्हणाले, "मावशी, मुलगा परतला की मोबाइल घेऊन या." ती काही बोलली नाही. खिडकीची कड धरून, एक पाय ओढत वळली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीवरच्या ताईंनी बघितलं. "अगं, आभा ऐच्छिक आहे. ती चौकट रिकामी सोडून पुढे जा." मला क्षणभर काही कळेना. पडद्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. किती जणांना मी परत पाठवलं, तेच आठवत बसले.

सोय वाईट नाही, हेही सांगायला हवं. मीरा रोडची तरुण मुलं येतात, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतात, नाव-वय आपोआप माझ्यासमोर येतं, त्यांना टोकन मिळतं. स्पेलिंगची चूक नाही, वेळ वाचतो. पण त्यांच्या हातात फोन त्यांचा स्वतःचा असतो.

मावशी चौथ्या दिवशी आली, मुलाचा मोबाइल पदराच्या गाठीत बांधून. सूज आता घोट्याच्या वर चढली होती. मी ओटीपी मागितला नाही. दोन मिनिटांत केसपेपर दिला आणि तिला बसायला खुर्ची मागवली.

महिनाअखेरीस आमच्या हातात एक कागद आला: ही प्रणाली वापरायला कशी वाटते? दहा विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच. 1986 मध्ये जॉन ब्रुक यांनी केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. घाईत मी सगळीकडे चारवर खूण केली. ताईंनी थांबवलं. एक विधान कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, अशी त्यांची रचना असते. सगळीकडे एकच आकडा दिला, मग तो कुठलाही असो, तर गुण 100 पैकी बरोबर 50 येतात. म्हणजे माझ्या त्या महिन्याचं काहीच त्यात उतरलं नसतं. मी नवा कागद मागून घेतला, एकेक विधान सावकाश वाचलं. पण दहाही विधानं खिडकीच्या आतल्या माणसासाठी होती. बाहेर उभ्या असलेल्या मावशीला कुणी काही विचारलं नव्हतं.

कागदाच्या तळाशी थोडी कोरी जागा होती. तिथे मी पेनाने लिहिलं: आभाच्या चौकटीशेजारी 'ऐच्छिक' असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि दुखणं पहिल्या पानावर घ्या.