तपकिरी शेंबूड आणि अति स्वच्छ पाणी

रीफ टँकमध्ये शेवाळ दिसलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात : काय टाकू? हे नक्की आहे कोण, हा प्रश्न बऱ्याचदा निम्मे प्राणी मेल्यावर सुचतो. मला तो आधी पडला, कारण टँक माझा नव्हता.

न्यू जर्सीत माझ्यासोबत राहणारा मित्र गेल्या वर्षी कायमचा पुण्याला परतला. गाडी विकली, सोफा विकला, पण सात वर्षं वाढवलेला ७५ गॅलनचा प्रवाळांचा टँक काही त्याला विकवेना. सोबत नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. भारतात खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. इथे फार्मवर वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे दुकानात मिळतात. जाताना तो एवढंच म्हणाला, "हॅमरला जप." हॅमर म्हणजे हातोडीसारखी टोकं असलेलं, पाण्यात सतत डुलणारं प्रवाळ. त्याला अकरा तोंडं होती.

तीन महिन्यांनी वाळूवर तपकिरी थर आला. मग खडकांवरून शेंबडासारख्या तारा लोंबायला लागल्या, टोकाला हवेचे बुडबुडे घेऊन. गोगलगायी उलट्या पडून मरू लागल्या. हॅमर मिटलं. दुकानदाराने एक बाटली पुढे केली. "दोन दिवसांत साफ." मी ती घेतली नाही.

कारण 'शेवाळ' या एका शब्दात आपण बरेच जण कोंबतो. नव्या टँकमध्ये वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते, ते डायटम. पाण्यातल्या सिलिकेटवर जगतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातात. लालसर, बुळबुळीत चादर, जी सायफन लावला की सालासारखी निघते, ती सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. हिरवे केस हे नायट्रेट-फॉस्फेट जास्त झाल्याचं लक्षण. गंमत म्हणजे तेव्हाही टेस्ट किट शून्य दाखवू शकतं, कारण सगळं खाद्य त्या केसांनीच गिळलेलं असतं. केसांऐवजी नाजूक पिसं दिसली तर ते ब्रायोप्सिस, ते फारच चिवट. आणि हिरवे चकचकीत मणी म्हणजे व्हॅलोनिया. तो अख्खा मणी म्हणजे एकच पेशी! टँकमध्ये तो फोडू नये, आख्खा उपटून बाहेर काढावा.

माझ्यासमोरचा शेंबूड यांतला कुठलाच वाटत नव्हता. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. थोडा थर टँकच्याच पाण्यासोबत बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. गाळलेल्या पाण्यात पुन्हा तारा जुळून आल्या तर ते डायनोफ्लॅजेलेट. माझ्या बाटलीत जुळल्या. मग स्वस्तातला मायक्रोस्कोप मागवला. ४०० पट मोठं केल्यावर थेंबाच्या आकाराचे जीव दिसले, एका टोकाला बांधल्यासारखे जागच्या जागी गरगरणारे. ऑस्ट्रिऑप्सिस. हे विषारी असतात. गोगलगायी का मेल्या ते कळलं, आणि त्या दिवसापासून हातमोजे घातल्याशिवाय मी पाण्यात हात घातला नाही.

पाण्याची टेस्ट केली. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. फॉस्फेट शोषणारा फिल्टर आपलं काम इमानेइतबारे करत होता. पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की साध्या हिरव्या शेवाळालाही खायला उरलं नव्हतं. साधं शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडले की मोकळ्या जागेत डायनो पसरतात. म्हणजे बाटली ओतून उरलेसुरले स्पर्धकही मारले असते, तर रान त्यांनाच मोकळं झालं असतं.

शिवाय प्रवाळाच्या अंगातही शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न बनवतं, त्यावरच प्रवाळाचं बहुतांश भागतं. समुद्र तापला की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे घरचे आचारीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच, त्या शेंबडाचे चुलतभाऊ. आंधळेपणाने औषध ओतलं तर ते भाऊ-भाऊ वेगळे ओळखेल, याची खात्री कोण देणार?

रविवारी मित्राचा व्हिडिओ कॉल आला. मी टँक दाखवला. "मोडून टाक रे, तुला कशाला ताप," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्याने स्वतःचा कॅमेरा बंद केला होता.

मोडला नाही. फॉस्फेटचा फिल्टर काढला, पाणी बदलणं थांबवलं, माशांचं खाणं वाढवलं. सोडियम नायट्रेट थेंबाथेंबाने देत नायट्रेट लिटरला पाच ते दहा मिलिग्रॅमच्या दरम्यान आणलं, फॉस्फेट ०.१च्या आसपास. विषासाठी कार्बन ठेवला. तीन दिवस दिवे बंद केले. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू-खडक सोडून पाण्यात उतरतो, तेव्हा त्याला यूव्ही दिव्यातून फिरवता येतं. वाळूतच राहणारा अँफिडिनियम असता तर हाच यूव्ही जवळपास निरुपयोगी ठरला असता. नाव कळण्याचा फायदा हा असा.

पाचव्या आठवड्यात मागच्या काचेवर हिरवा डाग दिसला. शेवाळ पाहून इतका आनंद झालेला माणूस विरळाच. हॅमरची चार तोंडं गेली, सात उघडली. गोगलगायी एकही वाचली नाही. नव्या सहा आणल्या.

आता काच दर चार दिवसांनी हिरवट होते. मी ती घासतो. रविवारी सकाळी चहाआधी नायट्रेट तपासतो, आणि नळीतलं पाणी गुलाबी झालं की निवांत होतो. रंग आला नाही, तर चहा बाजूला राहतो.