लिअर घाट चढला, अप्पा उतरले

पावसाळी रविवारी खडवलीला उतरणारी गर्दी भातसा नदीकडे धावते. आम्ही खडवलीहूनच कसारा लोकल धरली. इंग्लंडला गेलेला मराठी माणूस हिरवी कुरणं बघत स्ट्रॅटफर्डला जातो आणि शेक्सपिअरचं घर पाहून येतो. आमची हिरवळ वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी सरकते आणि तिच्या पलीकडे, नाशकात, वि. वा. शिरवाडकरांचं घर आहे.

कल्याण ते वाशिंद रेल्वे सुरू झाली 1855 साली. कसाऱ्याला गाडी पोचायला 1861 उजाडलं, आणि थळ घाट चढून इगतपुरी गाठायला 1865. चढ असा की 37 फूट पुढं गेलं की एक फूट वर. अजूनही बहुतेक लांबच्या गाड्यांना कसाऱ्यात बँकर इंजिनं जोडतात. या रुळांवरून सरकारी टपाल आणि गोरे साहेब वर गेले, तशी इंग्रजी पुस्तकंही गेली असणार. शेक्सपिअर मात्र मराठीत यायला आगगाडीवर अवलंबून नव्हता. आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’.

लोकल कसाऱ्याला संपते. पुढं शेअर टॅक्सी, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. घाटात ढग थेट काचेवर. इगतपुरीकडं भाताची आवणी चाललेली, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया. नाशिक जवळ येतं तसा पाऊस हात आखडता घेतो.

शिरवाडकरांचं, म्हणजेच कुसुमाग्रजांचं, टिळकवाडीतलं घर कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं जपलं आहे. ज्ञानपीठ मिळवलेल्या लेखकाचं म्हणून डोळे दिपावेत असं इथं काही नाही, आणि तेच बरं वाटलं. तात्यासाहेब शिरवाडकरांकडं कुणीही यावं, बसावं, अशी या घराची ख्याती होती. पिंपळगाव बसवंतला वाढलेला हा मुलगा तरुणपणी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरला. 1942 मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून त्याची ‘विशाखा’ छापली. एका लेखकानं दुसऱ्यासाठी खिसा रिकामा करावा, ही गोष्ट मला पुरस्कारांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

‘नटसम्राट’ हे नाटक 1970 चं. शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ समोर ठेवून लिहिलेलं, पण शिरवाडकरांनी राजाला अप्पा बेलवलकर नावाचा निवृत्त नट केलं आणि राज्याऐवजी त्याला घरदार नि पैसा वाटायला लावलं. सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे या नटाची बायको कावेरी. लिअरला रंगमंचावर बायकोच नाही. त्याला आवरायला, त्याच्यासोबत अपमान गिळायला संसाराची जोडीदार नाही. अप्पा बेलवलकरांना कावेरी आहे, म्हणून मुलीच्या घरात चोरीचा आळ येतो तेव्हा तो दोघांच्या संसारावर येतो. इंग्लंडच्या माळावरचं वादळ मराठी घराच्या माजघरात आलं ते इथं. पहिल्या प्रयोगात अप्पा झाले डॉ. श्रीराम लागू. नाशिककर लेखकाचा हा लिअर घाट उतरून मुंबईत उभा राहिला, आणि लोक हुंदके देत घरी गेले.

परतताना टॅक्सी टाळा. नाशिकरोडहून कल्याणला थांबणारी एखादी एक्स्प्रेस घ्या आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरा. इगतपुरीनंतर बोगदे सुरू होतात. दोन बोगद्यांच्या मधे दरी दिसते ती क्षणभरच, तेव्हा मोबाईल काढत बसू नका. कल्याणला उतरून पुन्हा कसाऱ्याचीच लोकल धरायची, आणि खडवलीला उतरायची तयारी टिटवाळ्यालाच करायची.