कालवड हट्टी नसते, तिला दाव्याची ओळख नसते

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या गोठ्यात कालवड आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मुक्त संचार गोठे आपल्याकडे वाढले, ते चांगलंच झालं. जनावर मोकळं फिरतं, शेणकाढणीचा ताप कमी होतो. पण एक गोष्ट मागे पडली. मोकळ्यात वाढलेल्या कालवडीला माणसाचा हात आणि दावं माहीतच नसतं. आमची चंद्री तशीच. नऊ महिन्यांची संकरित कालवड, वजन दीडशे किलोच्या पुढं. लाळ्या-खुरकुताच्या लसीला तिला धरायला चार माणसं लागली. लगेच सल्ला आला, "नाक टोचा, वेसण घाला. बाईमाणसाला ही आवरायची नाही."

मी नाक टोचलं नाही. मऊ सुती दोराची म्होरकी केली आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं तिला दिली.

पहिले तीन दिवस नुसती म्होरकी अंगावर. सोबत गव्हाणीत भरडा, आणि गळ्याखालची पोळी खाजवणं. मग खुंट्याला आखूड बांधलं, गाठ एका झटक्यात सुटेल अशी. ती ओढून ओढून दमली, पण दोर तुटला नाही. तिथं तिला कळलं की ओढून काही मिळत नाही.

खरी मेख चालवताना आहे. समोरून ओढलं की जनावर चारी पाय रोवतं, आणि ताकदीत आपण हरणारच. म्हणून खांद्याजवळ उभं राहायचं, दोर बाजूला ताणायचा. तोल जाऊन तिनं एक पाऊल टाकलं की दोर त्याच क्षणी ढिला. तो ढिला दोर हेच तिचं बक्षीस. चाबूक नाही, शेपूट पिळणं नाही. चालण्याची वाट पाण्याच्या हौदाकडं ठेवायची, म्हणजे तिलाही पोचायची घाई असते. आणि एक लक्षात ठेवा, दोर हाताला कधीच गुंडाळू नका. जनावर बिथरलं तर बोटं जातात. थेट मागून जवळ जाऊ नका, तिला तिथलं दिसत नाही.

आता चंद्री माझ्या सासूबाईंच्या मागंही चालते. त्यांचं वय सत्तर.

हे सगळं इथं का लिहिलं? कारण हा एका गोठ्याचा प्रश्न नाही. लसीकरणात सुटतात ती बहुतेक अशीच न धरता येणारी जनावरं. ब्रुसेलाची लस मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात, आयुष्यात एकदाच. ती वेळ हुकली की हुकली. पुढं गाय गाभडली तर एका वेताचं दूध जातं, आणि हा आजार माणसालाही होतो. २०२२ मध्ये लम्पीनं काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शिवाय पुढं रेतन, गाभण तपासणी, पहिली धार, सगळं याच जनावरासोबत करायचंय. दावणीला बहुतेक घरांत बाईच असते. लाथ बसते ती तिला. आणि न आवरणारी कालवड शेवटी मातीमोल किमतीत जाते.

म्हणून दोन गोष्टी. एक, वासरू दोन-तीन महिन्यांचं असतानाच म्होरकीची सवय लावा. तेव्हा ते काम पोरंसुद्धा करतात. दोन, गावात जनावरं अडकवायला धड खोडा नाही. डॉक्टर रस्त्यावर, झाडाला बांधून सुई टोचतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी खोड्याचा विषय मांडणार आहे. ठराव व्हायचा तर माणसं हवीत, आणि विशेषतः बाया हव्यात. गोठ्यात आपण असतो, तर ग्रामसभेतही असायला पाहिजे.

कोण कोण येणार, खाली लिहा. म्होरकी कशी बांधायची ते पाहायचं असेल, तर संध्याकाळी पाचनंतर गोठ्यावर या.