भाकर कोणी खाल्ली?

मराठीच्या प्राध्यापकाला कोणी व्याख्यानाला बोलावले की त्याला मनातून आनंदच होतो. वरवर तो वेळ नसल्याची तक्रार करतो, इतकेच. परवा आमच्या पारोळ्यात तसा योग आला. विषय होता, ‘एका लोकप्रिय गाण्याची प्रेरणा’. खानदेशात असे गाणे शोधायला लांब जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरींचे ‘अरे संसार संसार’! १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटासाठी वसंत पवारांनी त्याला चाल दिली आणि असोद्याच्या लेकीचे हे गाणे पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत जाऊन बसले.

मी अगदी रंगात आलो होतो. १८८० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तीन मुले आणि अक्षरओळख नाही! तव्याचा चटका आधी, भाकर मागून, असे सांगणाऱ्या गाण्याची प्रेरणा म्हणजे हे वैधव्यच, असा सिद्धान्त मी ठोकून दिला. ओघात माझ्या आईचाही दाखला दिला. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. लोकांच्या घरी भाकरी थापून तिने मला एम. ए. केले, हे सांगताना माझा गळा दाटून आला. समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आई दुसऱ्या रांगेत होती. तिने मात्र लावला नाही.

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री माझ्या ताटात कळण्याची भाकर वाढताना तिने विचारले,

“चटका समजना, भाऊ. पन भाकर कोनी खादी?”

मी हसलो. ती हसत नव्हती. मग ती बोलत गेली. दुःख होते, ते तिने नाकारले नाही. पण तव्यावरची पहिली भाकर टम्म फुगली की तिला बरे वाटायचे. माणसे तिच्या हातची भाकर मागून घ्यायची, त्याचा तिला अभिमान होता. दिवसाकाठी आम्ही दोघे पोटभर जेवून हसतही होतो. त्यातले मी काहीच सांगितले नव्हते. चार माणसांत मी तिला नुसती ‘बिचारी’ करून टाकली होती!

त्या रात्री मी ‘बहिणाबाईंची गाणी’ पुन्हा काढून बसलो. १९५२ साली, बहिणाबाई गेल्याच्या पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालेले हे पुस्तक. पाहतो तो काय, चटक्याशी गाणे थांबतच नाही! संसार म्हणजे रडणे-कुढणे नव्हे, असे ते पुढे बजावते. वेलीवरची काकडी तोंडाशी कडू असली तरी बाकी सारी गोड, असा दाखला देते. अठरा वर्षे मी हे गाणे शिकवत होतो, आणि अठरा वर्षे काकडीचे कडू तोंडच तेवढे मुलांपुढे ठेवत होतो. ज्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका मी तपासतो, त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचेच नाव आहे. मी पहिल्याच प्रश्नाला नापास झालो होतो!

शिवाय बहिणाबाईंनी स्वतः काही लिहिलेच नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गात. सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ ते उतरून घेत. मग अमुक दुःखातून अमुक गाणे निघाले, हे ठरवणारा मी कोण? रोज सकाळी चूल पेटते, हात पोळतो आणि भाकर होते, एवढी प्रेरणाही त्या गाण्याला पुरली असेल. म्हणूनच तर ते घरोघरी आपले वाटले. संसार सगळ्यांनाच असतो.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. माफी कशी मागावी ते सुचेना. म्हणालो, “आई, पुढच्या व्याख्यानात तुझं काय सांगू?”

तिने फुगलेली भाकर उतरवली आणि माझ्यापुढे ठेवली.

“पहिले खाय,” ती म्हणाली.