थिबा राजवाडा : रत्नागिरीच्या एका सहलीचा बेत

जुने गाव जसेच्या तसे उभे करून त्यात त्या काळचा पोशाख केलेली माणसे वावरताना दाखविण्याची चाल परदेशांत पडली आहे. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, स्कान्सेन नावाचे असे उघड्यावरचे संग्रहालय १८९१ सालीच निघाले. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतातील विल्यम्सबर्ग हे गाव इंग्रजी अमलात होते तसे सजविले असून तेथे लोहार ऐरणीवर घाव घालीत असतो, छापखान्यात खिळे जुळविले जात असतात आणि पाहावयास येणारा मनुष्य घटकाभर अठराव्या शतकात जाऊन येतो. येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांना असे काही दाखवावे, असा विषय आमच्या घरी निघाला, तेव्हा आम्ही रत्नागिरीचे नाव सुचविले.

आता कोणी म्हणेल, रत्नागिरीस असे वेष घेतलेले लोक कोठे आहेत? नाहीत, हे खरे. परंतु विल्यम्सबर्गची मूळ कथा वसाहत करणाऱ्यांची आहे. त्यांच्या घरी राबणाऱ्या गुलामांची कथा तेथेही फार मागाहून सांगितली जाऊ लागली. आपण ज्यांच्यावर राज्य झाले त्यांपैकी. तेव्हा इंग्रजी अंमल म्हणजे काय, हे मुलांस दाखवावयाचे तर गोऱ्या साहेबाचा टेबलखुर्चीचा थाट दाखविण्यापेक्षा त्याने एका राजाला कसे ठेविले होते ते दाखवावे, हे आम्हांस अधिक योग्य वाटते.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. तो १८७८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या अनेक भाऊबंदांची कत्तल झाली. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. बंदिवान झाला म्हणून मनुष्य साधू ठरत नाही. तथापि इंग्रजांनी स्वारी केली ती या पापाचा जाब विचारण्यासाठी नव्हे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या इंग्रज व्यापारी कंपनीला सागवानाच्या तोडीबद्दल ब्रह्मी दरबाराने जबर दंड केला, आणि तेवढे निमित्त पुरले. नोव्हेंबर १८८५ मध्ये पंधरवड्यात युद्ध आटोपले. राजाराणीस मंडालेहून आगबोटीत घालून प्रथम मद्रासेस व तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. राजाचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. बंदिवानास ठेवावयास गाव मोठे सोयीचे. आगगाडी नाही, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद.

आज आपण जो राजवाडा पाहतो तो त्या वेळी नव्हता. चोवीस वर्षे हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांतून राहिले, तनख्यात भागेना म्हणून बरोबर आणलेले जवाहीर एकेक करून विकीत राहिले. मुली चार, दोघी मायदेशी जन्मलेल्या, तिसरी मद्रासेची, धाकटी रत्नागिरीची. राजवाडा पुरा झाला १९१० साली. तांबडी तीन मजली इमारत, उतरती छपरे, अर्धगोल कमानीच्या खिडक्या, त्यांवर कोरीव लाकूडकाम. सागवान मात्र ब्रह्मदेशचे! ज्या लाकडापायी राज्य गेले तेच लाकूड कैदखान्याला लागले. खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. देखावा रम्य आहे, पण तीस वर्षे तोच पाहावा लागलेल्या माणसाला तो कसा वाटला असेल, असे मुलांना तेथेच उभे करून विचारण्याचा आमचा बेत आहे.

राजा त्या वाड्यात जेमतेम सहा वर्षे नांदला. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. धाकटी राणी आधीच, १९१२ साली, निवर्तली होती. थोरल्या राणीचा, सुपयालातचा, हट्ट असा की देह ब्रह्मदेशीच न्यावे. सरकारने ते मानले नाही, आणि अखेर १९१९ साली दोघांचे दफन रत्नागिरीतच झाले. ती समाधी राजवाड्यापासून थोडी बाजूला आहे. पुष्कळ मंडळी वाडा पाहून परततात व तिकडे फिरकतही नाहीत. आम्ही मात्र आधी समाधी आणि मग वाडा असा क्रम ठरविला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले. आपला शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर रंगूनच्या मातीत आणि त्यांचा राजा आपल्या, अशी ही उलटापालट आहे.

पण रत्नागिरीकरांच्या दृष्टीने याहून विलक्षण उलटापालट दुसरीच. राजवाड्याबरोबरच आम्ही टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान पाहणार आहोत. २३ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म या गावी झाला आणि वयाची पहिली दहा वर्षे येथेच गेली. कौलारू, उतरत्या छपराचे साधे घर आहे. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा ठोठावून सरकारने या रत्नागिरीच्या पुत्रास पाठविले कोठे, तर मंडालेस. आणि तो तुरुंग थिबाच्या जुन्या किल्ल्याच्या तटाआतच होता! १९१० सालच्या हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात बिऱ्हाड मांडीत होता, तेव्हा रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या लाकडी बराकीत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. हे दोन्ही ठाव एकाच दिवशी पाहिल्यावाचून सहलीस अर्थ नाही.

वाड्यात आता राज्य शासनाचे संग्रहालय आहे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, याकरिता निघण्यापूर्वी चौकशी करावी. राजाच्या वापरातील काही वस्तू तेथे आहेत. पण रिकाम्या दालनात नुसत्या वस्तू पाहून मुले कंटाळतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून जाण्यापूर्वी चार रात्री जेवणानंतर ही कथा सांगावी. आमच्या घरी तर थोरल्या राजकन्येची गोष्ट सांगताना बायकामंडळींचेही हातचे काम थांबले. तिचे मन पहारेकऱ्यावर जडले. त्याची बायको गावी होती. १९०६ साली तिला मुलगी झाली. पुढे कुटुंबाबरोबर ती मायदेशी गेली खरी, पण मुलीस घेऊन परत रत्नागिरीसच आली आणि १९४७ साली येथेच वारली. ती मुलगी टूटू मराठी बोलत, कष्टाचा संसार करीत २००० सालापर्यंत याच गावात जगली. थिबाची ही नात रत्नागिरीच्या रस्त्याने चालताना पाहिलेली माणसे आजही तेथे भेटतात. वेष घेतलेला नट याहून अधिक काय दाखविणार?

प्रवासाची अडचण आता नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईकरांस गाडी सरळ आहे. स्टेशन गावाबाहेर असल्याने पुढे रिक्षा करावी लागते. दिवाळीची तिकिटे मात्र वेळीच काढावीत. मुक्काम दोन रात्रींचा पुरे. पहिला दिवस समाधी, वाडा व टिळकांचे घर यांस. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीपुळ्यास देवदर्शन करून तेथील ‘प्राचीन कोकण’ पाहावे. बलुतेदार, शेतकरी, कोळी यांच्या माणसाएवढ्या मूर्ती झाडांत मांडून सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे कोकण तेथे उभे केले आहे, म्हणजे स्कान्सेनची हौसही काही अंशी फिटेल. धाकट्यांस तेच अधिक आवडेल, हे आम्ही जाणून आहो. म्हणूनच ते शेवटी ठेविले आहे.