वैकुंठाच्या वरचे स्तर

काल्पनिक विश्वात घडणारा खेळ रचताना अस्तित्वस्तरांची मांडणी हा त्या कामाचा सर्वांत अवघड भाग ठरतो. अस्तित्वस्तर म्हणजे स्वतःचे रहिवासी, स्वतःचे नियम आणि स्वतःची कालगणना असलेला विश्वाचा एक थर, ज्याला भारतीय परंपरा ‘लोक’ म्हणत आली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या १९७८ सालच्या नियमपुस्तकात गॅरी गायगॅक्स यांनी असे स्तर एका परिशिष्टात मांडले आणि १९८७ साली जेफ ग्रब यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांचे आतले स्तर, नीती आणि सुव्यवस्था यांच्या कमीअधिक प्रमाणानुसार ठरलेले बाहेरचे स्तर आणि ये-जा करण्यासाठी मधले संक्रमणस्तर, अशी ही चक्राकार रचना आजही अनेक रचनाकार नमुना म्हणून समोर ठेवतात. तिचे वैभव निर्विवाद आहे. मात्र तिच्या प्रभावाखाली रचनाकार स्तरांची संख्या वाढवत जातो आणि एका स्तरातून दुसऱ्यात जाण्याची किंमत काय, तिथे मिळालेले किती काळ टिकते, हे ठरवायचे राहून जाते.

या प्रश्नांची उत्तरे सापशिडीच्या मूळ रूपात, म्हणजे ज्याचे जनकत्व महाराष्ट्राची परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते त्या मोक्षपटाच्या कुळात, फार बारकाईने दिलेली आहेत. हरीश जोहरी यांनी विसाव्या शतकात प्रसिद्ध केलेल्या ७२ घरांच्या वैष्णव पटावर नऊ घरांच्या आठ ओळी आहेत आणि शेतातल्या नांगराच्या तासांप्रमाणे सोंगटी एका ओळीत डावीकडून उजवीकडे, तर पुढच्या ओळीत उलट चालते. त्यामुळे प्रत्येक ओळीचे मधले घर एकाच उभ्या रेषेत येते: ५ वर भूलोक, १४ वर भुवर्लोक, २३ वर स्वर्लोक, असे चढत ५९ वर सत्यलोक आणि ६८ वर वैकुंठ. खेळणाऱ्याच्या नजरेसमोर विश्वाचा कणा असा सतत उभा असतो, पण त्याची चाल मात्र आडवी, गुणदोषांच्या घरांतून होते. ५४ व्या घरातली भक्ती त्याला थेट वैकुंठाला नेते, तर वैकुंठ ओलांडून ७२ व्या घरातल्या तमोगुणावर गेलेला खेळाडू साप उतरून ५१ वर, पृथ्वीवर येतो, जिथून भक्तीचे घर अवघे तीन घरे पुढे आहे. पतनाची जागा इतक्या करुणेने निवडणारा रचनाकार खरोखर थोर म्हटला पाहिजे.

धामणगाव रेल्वे या गावी बसून असे विश्व रचू पाहणाऱ्याला याहून कठोर नमुना मात्र स्वतःच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात मिळतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न मानलेले आहेत. त्यांतील देवतांची संख्या ८१ कोटी सव्वा लाख दहा असून त्यांचे नऊ थर आहेत: तळाशी कर्मभूमीच्या देवता, मग अष्टदेवयोनी, अंतराळ, स्वर्ग, त्यावर सत्य-कैलास-वैकुंठ, मग क्षीराब्धी, अष्टभैरव, विश्व आणि सर्वांत वर माया. पटावर जे वैकुंठ गंतव्य आहे ते इथे पाचव्या थरावर, अगदी मध्यावर येते. प्रत्येक थरातील देवता आपल्या उपासकाला आपल्या योग्यतेचे फळ देते, परंतु ते फळ भोगून संपते आणि जीव परत फिरतो. नववा थर गाठला तरी मोक्ष मिळत नाही, कारण तो देणारा परमेश्वर या उतरंडीत कुठल्याच थरावर नाही.

रचनाशास्त्राच्या दृष्टीने हा विचार अतिशय धाडसी आहे. नऊ मजले बांधून सर्वांत वरच्या मजल्यावरून पुढे जिना न ठेवणे, आणि तरीही ते विश्व निराश होऊ न देणे, हे परमेश्वराच्या अवतरणामुळे साधते. तो मधले सगळे थर वगळून मनुष्यदेहाने खाली येतो. गोविंदप्रभू, ज्यांना पंथ पंचकृष्णांपैकी, म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांपैकी, एक मानतो, ते रिद्धपुरातच राहिले, तिथल्या गल्ल्यांतून हिंडले, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. ज्या ठिकाणी अवताराचा संबंध आला त्या जागा ‘स्थानपोथी’त नोंदल्या गेल्या आणि तिथे बांधलेल्या ओट्यांना आजही नमस्कार केला जातो. सर्वोच्च तत्त्वाशी भेट होण्याची शक्यता अशा रीतीने सर्वांत खालच्या थरावर, ओळखीच्या गावात ठेवलेली आहे.

या नमुन्यावर खेळ बेतायचा झाल्यास नऊ स्तरांची वर्णने लिहिण्याआधी प्रत्येक स्तराचे फळ, त्याची मुदत आणि परतीचे ठिकाण ठरवावे लागते, त्यानंतर कर्मभूमीचा नकाशा गल्ली-बोळांसह काढून त्यावर ओट्यांच्या जागा नेमाव्या लागतात. वरच्या स्तरांवर अधिकाधिक सामर्थ्य मिळवत गेलेल्या खेळाडूला ते ओटे ओलांडून आपण पुढे निघून गेलो होतो हे खेळाच्या ओघातच कळावे, कोणा पात्राच्या तोंडून सांगावे लागू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.