मुंढा

गेल्या आषाढात माझा उजवा खांदा आखडला. सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ उठली ती थेट कोपरापर्यंत. साठी उलटलेली आणि अंगात साखर, त्यामुळे डॉक्टरांना नवल वाटलं नाही. वर्षभर धीर धरा म्हणाले. कातर चालवायला काही अडत नव्हतं, टेबलाच्या उंचीवर माझा हात अजून सरळ जातो. अडलं ते पाण्यावर, मासे धरताना. फ्लायची लाइन मागे फेकायची तर कोपर उचलावं लागतं, मनगट कानाच्या रेषेत आणून क्षणभर थांबवावं लागतं. माझा हात त्याच्या बराच आधी थांबू लागला. आणि त्या अर्ध्यात अडलेल्या हाताला एक गोष्ट कळली, जी गिऱ्हाइकं मला वीस वर्षं सांगत होती आणि मी कानाआड करत होतो. माझा शर्ट ओढतो. धडधाकट खांद्याला तो ओढा जाणवत नाही. दुखऱ्या खांद्याला कापडाचा सूतभर ताणही सोसत नाही.

आम्ही भावसार. हिंगुळांबिका कुलदेवी, घरात मराठी, गल्लीत कन्नड. 1638 मध्ये शहाजीराजे बंगळुरात आले आणि त्यांच्यामागून मराठी माणसं इथल्या पेठांत आली. आमच्या घरात आपण त्यांच्यातलेच असं मानतात. आजोबांपर्यंत रंगारीकाम, वडिलांपासून शिवणकाम. वडिलांनी बिन्नी मिलच्या खाकीचे गणवेश शिवले. मीही तेच शिवत राहिलो असतो, पण 1980 च्या दशकात कब्बनपेटेतल्या आमच्या दुकानात कावेरीवर मासे धरणारी मंडळी येऊ लागली.

त्या काळी बंगळुरातून शुक्रवारी दुपारी जीप निघायच्या. कनकपुरा, हलगूर, मुत्तत्ती, मग भीमेश्वरी. वर दोड्डमकळी, खाली गलिबोरे. तिथला महाशीर जगभर नावाजलेला. कन्नडमध्ये त्याला बिळी मीनू म्हणतात, आपल्याकडे त्याच जातकुळीतल्या माशाला खडस. 1972 साली बंगळुरात स्थापन झालेली वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था नदीचा एक पट्टा राखत होती, आणि तिच्यामुळे आधी सुरुंग लावून मासे मारणारे हात पुढे राखणदारीला लागले, हे मी त्या राखणदारांच्याच तोंडून ऐकलं आहे. मासा धरायचा, वजन करायचं, सोडून द्यायचा. आमिष म्हणजे मसाला घालून उकडलेला रागीचा गोळा. तो प्रवाहात टाकून खडकावर बसायचं, तासन् तास.

बसायचं, हे महत्त्वाचं. माझा शर्ट बसलेल्या माणसासाठी जन्मला. खिसे छातीवर उंच, म्हणजे वाकल्यावर मांडीला टोचत नाहीत. पाठ लांब, खडकावर कंबर उघडी पडत नाही. कॉलर उभी केली की मान झाकते. कापड जाड सुती, कारण मार्चमधल्या त्या दरीत ओला सुती शर्ट अंगावर असणं हेच सुख. रंग माझा मीच करत असे. डाळिंबाच्या सालीत कापड उकळून हिराकशीच्या पाण्यातून काढलं की जो हिरवट राखाडी उतरतो, तो कावेरीच्या ग्रॅनाइटवर शेवाळ सुकल्यासारखा दिसतो. आजोबांची ती कृती मी वहीतून काढली होती, आणि कॉलरच्या आत घराण्याच्या नावाचं विणलेलं लेबल लावत होतो.

या शर्टाने मला नाव दिलं. माझ्याकडे एक फोटो आहे: गुडघाभर पाण्यात उभा एक गिऱ्हाईक, दोन्ही हातांवर पेललेला मासा, पाठीला उंच कुबड, पर केशरी. तो केशरी पराचा कुबडा महाशीर आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात वाढवलेला निळ्या पराचा महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तोच पसरला. विचार केला की मला कसंतरी होतं, कारण तो निळ्या पराचा मासा आपल्याकडचा. निसर्ग अभ्यासक साइक्सने 1839 मध्ये त्याची नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. कुबड्याला शास्त्रात नीट नाव मिळालं 2018 साली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. कबिनीत 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या माणसाने 120 पौंडांचा धरला होता. पण खरं सांगायचं तर त्या फोटोकडे बघताना माझी नजर माशावर जात नसे. ती खांद्याच्या शिवणीवर जायची. शिवण सरळ बसलेली असायची, आणि मी खूश व्हायचो. हात पाण्याजवळ खाली होते, म्हणून ती सरळ होती.

पुढे फ्लायवाले आले. रागीवाल्यांपेक्षा थोडे, पण वेगळेच. हे बसत नाहीत. पिसांचा बांधलेला गळ वजनाने काहीच नसतो, फेकायची असते लाइन, आणि ती आठ-दहा नंबरच्या रॉडने दिवसभर मागे-पुढे करावी लागते. पहिल्याच गिऱ्हाइकाने परत येऊन सांगितलं, हात वर केला की शर्ट पँटमधून निघून येतो. मी मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, मोठा केला. दुसऱ्याने तेच सांगितलं, त्याचा अजून मोठा केला. तिसऱ्याला म्हटलं, पाठ तीन इंच लांब करून देतो, नीट खोचत जा.

मोकळं हवं तर मोठं करा, हे कुठल्याही शिंप्याला पहिल्यांदा सुचतं आणि इथे ते साफ चूक आहे. मुंढा जितका खाली न्याल, तितकी बाही खाली, बरगडीवर जाऊन जोडली जाते. मग हात उचलला की ती बरगडीवरचं कापड, म्हणजे सगळा शर्टच, घेऊन वर जाते. उलट मुंढा काखेच्या अगदी जवळ, तंग ठेवला, तर हात खांद्यातून फिरतो आणि अंगाचं कापड जागेवर राहतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वडिलांनी शिवलेल्या बंडीला तंग मुंढा असायचा आणि काखेत उरेब कापलेला चौबगला. जुन्या बाराबंदीतही तेच. पण मी फॅशनच्या शर्टांवर हात बसवलेला माणूस. चौबगला मला गावठी वाटायचा. गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून हात खाली सोडले की एकही घडी दिसता कामा नये, ही माझी शान होती. ती शान मी त्यांच्या खांद्यांवर टाकली.

मधल्या वर्षांत नाना उपाय केले. पाठीत दोन्ही बाजूंना खोल चुण्या घातल्या. पुढे फेकताना त्या उघडत, मागे फेकताना उपयोग शून्य. रॅगलन बाही केली. हात छान गेला, पण खांद्यावर भिजलेल्या पिशवीचा पट्टा घासून तिरकी शिवण उसवली. मग बाहीचा माथा कमी केला. साडेपाच इंचांचा साडेचारवर आणला, चारवर आणला. माथा कमी की बाही रुंद होते आणि उचलायला मोकळी. पण हात खाली आला की काखेत कापड गोळा होतं आणि डाव्या हातात धरलेली सैल लाइन वाऱ्याने नेमकी तिथे जाऊन अडकते. लाइन कशातही अडकते. बटणात, खिशाच्या झडपेत, खांद्यावरच्या पट्टीत. म्हणून मी बटणपट्टी झाकली, झडपा काढल्या, खांदापट्ट्या फेकून दिल्या. काखेतलं कापड मात्र फेकता येईना. साडेतीनवर आलो, परत चारवर गेलो. एका शर्टाची बाही मी नऊ वेळा उसवून लावली आहे. शेवटी मुंढ्याच्या शिवणीत माया उरली नाही, कापड चिरत गेलं.

या काळात बाजार बदलला. आता पोरं दुकानात जाऊन नायलॉनचा, पाठीवर जाळीची खिडकी असलेला, बारा खिशांचा शर्ट घेतात. त्यातले कित्येक मैसूर रोडला, बोम्मनहळ्ळीला शिवले गेले असतील, बोटीने बाहेर जाऊन लेबल लावून परत आले असतील. कापड चांगलं आहे, लवकर वाळतं, ऊन अडवतं, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. अवलांचीसारख्या ठिकाणी, जिथे 1907 पासून ट्राउटची पैदास होते आणि ओढ्याचं पाणी हाडं गोठवतं, तिथे माझा ओला सुती शर्ट घालून उभं राहणं म्हणजे आजाराला बोलावणं, हेही कबूल. पण कंपन्या कापतात ते सरासरी माणसाला. रॉडचा हात आणि लाइनचा हात वेगवेगळं काम करतात, तरी दोन्ही मुंढे एकसारखे. आणि मला खरा राग येतो तो पाण्यात कधी पाय न घातलेल्या माणसाने आधी मोटारसायकलच्या किमतीचं सामान अंगावर चढवण्याचा. ली वुल्फ या अमेरिकन फ्लायवाल्याने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला खिशांचं जाकीट स्वतः शिवलं, कारण पाण्यात उभं असताना त्याला हात मोकळे हवे होते. गरज आधी होती, खिसा नंतर आला.

कावेरीचा तो पट्टा अभयारण्यात आहे. 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथली गळाची मासेमारी बंदच झाली. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथेच संपली. मी स्वतः आता कोडगूत एका ओळखीच्या कॉफीमळ्यातल्या तळ्यावर जातो. कटला, गवत्या, कधी काहीच नाही. मागे महाडजवळ वाळणकोंडीला गेलो होतो, वरदायिनीच्या डोहात खडस आहेत, कुणी धरत नाही, लोक कुरमुरे टाकतात. तिथे तासभर बसलो आणि पहिल्यांदाच शर्टाचा विचार मनात आला नाही.

खांदा गेल्यावर दुकानात मदतीला एक मुलगी ठेवली. खानापूरची, मराठी, बंगळुरात गारमेंटमध्ये सहा वर्षं होती. तिथे एका रांगेत बसून फक्त बाह्या जोडल्या. पुरा शर्ट कधी शिवला नाही. मी तिला कॉलर शिकवीन, पट्टी शिकवीन, असं ठरवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती माझा स्वतःचा शर्ट हातात घेऊन मुंढ्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, ह्यो शर्ट हात खाली असताना घालायचा का वर असताना?"

मी म्हटलं, वर असताना.

"मग माप खाली का घेतलंय?"

मी टेप गळ्यात घालून चाळीस वर्षं उभा आहे. एकाही गिऱ्हाइकाला मी माप घेताना हात वर करायला सांगितलं नव्हतं.

तिने मला भिंतीशी उभं केलं. "वर करा बघू, दुखंल तिथवर." माझा हात खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. तिने कमरेपासून काखेतून मनगटापर्यंत टेप लावली, आकडा लिहिला, हात खाली घ्यायला सांगितलं, पुन्हा लावली. दोन आकड्यांत साडेचार इंचांचा फरक होता. तेवढं कापड शर्टाला कुठून तरी हवं असतं, आणि आपण देत नाही म्हणून ते पँटमधून ओढून घेतं. तिने मुंढा सव्वा इंच वर घेतला. काखेत चौबगला लावला, पण वडिलांसारखा चौकोनी नाही. शंकरपाळ्यासारखा, लांब, एक टोक बाहीत कोपराच्या दिशेने आणि दुसरं बाजूच्या शिवणीत खाली. उरेब कापल्यामुळे हात खाली आला की तो आतल्या आत मिटतो, गोळा होत नाही. आणि तो फक्त उजव्या बाजूला. डावा मुंढा तिने तसाच तंग, साधा ठेवला.

मी तो शर्ट आरशासमोर घातला तेव्हा उजव्या काखेत एक घडी दिसली. माझा हात उसवणीकडे गेला, खरंच गेला. तिने काही म्हटलं नाही, धावदोरा दातांनी तोडत राहिली. मी शर्ट तसाच घालून तळ्यावर गेलो. हात जितका जातो तितकाच गेला, पण कापडाने अडवला नाही. सकाळभरात शर्ट एकदाही खोचावा लागला नाही. दुपारी मळ्याच्या पायरीवर बसून मी ती घडी बोटांनी उघडून मिटून बघत होतो, आणि ज्यांना मी नीट खोचायला सांगितलं त्यांची तोंडं आठवत होती. दोघं आता हयात नाहीत.

लेबल त्या शर्टाला मी लावलेलं नाही. ते लावायला हवं होतं असं मला वाटतं, आणि लावू नये असंही.

मग तिनेच रॉड मागितली. तिला बघायचं होतं हात नेमका कुठे थांबतो. चुडीदारच्या ओढणीचं टोक कमरेला खोचून तिने चार-पाच वेळा लाइन फेकली, आणि पाचव्या वेळेला ती गवतावर सरळ पडली. तिथून आमचं नवं दुखणं सुरू झालं. बायकांच्या अंगाला छातीचा टक घातला की मुंढा पुढे सरकतो, आणि चौबगल्याचं वरचं टोक काखेत न येता पुढच्या बाजूला दिसू लागतं. टक काढला तर पुढचं कापड सैल पडतं आणि लाइन तिथे अडकते. टक खांद्यातून घ्यावा असं मी म्हणतो. ती म्हणते, खांद्यातली शिवण पट्ट्याखाली टोचेल, टक मुंढ्यातच मिटवून टाकू. मुंढ्यात मिटवला तर तो पुन्हा मोठा होतो. तीन वेळा मांजरपाटावर कापून झालं. चौथा तुकडा टेबलावर खडूने आखून ठेवला आहे, पाव इंचावर दोघांचं एकमत होत नाही.